न वाचलेल्या कागदावरील अंगठा

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, पुष्कळदा तर रुग्णाला शस्त्रक्रियागृहाकडे नेत असतानाच, त्याच्या नातेवाइकांपुढे एक छापील कागद येतो. रुग्णालय नांदेडचे असो की लातूरचे, मुखेड-किनवटहून आलेला शेतकरी असो की निलंगा-अहमदपूरहून आलेला शिक्षक, प्रसंग बहुधा एकाच रीतीने पार पडतो. “इथे सही करा.” “कशाची?” “ऑपरेशनची.” एवढ्या संभाषणात संमतीचा विधी आटोपतो. कागद अनेकदा इंग्रजीत असतो, अक्षर बारीक असते, आणि मजकुरातील मोकळ्या जागा मागाहून भरल्या जातात. सही करणारा पुष्कळदा रुग्ण नसतोच. तो त्याचा भाऊ असतो, तिचा नवरा असतो, किंवा जीप ठरवून सोबत आलेला गावचा कोणी जाणता असतो. ज्याच्या देहावर शस्त्र चालणार, तो पलीकडे खाटेवर निमूट पडून असतो; त्याला कोणी काही विचारलेले नसते आणि आपल्याला विचारले जावे, असे त्यालाही वाटत नाही.

असा कागद महाराष्ट्राला अपरिचित नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, ती मुख्यतः त्यांच्या पेटीतील कर्जरोखे हस्तगत करण्यासाठी. त्या रोख्यांवर अंगठे त्यांचेच होते; पण त्यांत काय लिहिले आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्यात एक साधी तरतूद घालण्यात आली. शेतकऱ्याचा रोखा सरकारने नेमलेल्या ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, तो त्याला मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच त्याची निशाणी घ्यावी. हा कायदा प्रारंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या इंग्रजी अमलातील चार जिल्ह्यांपुरता होता; मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. परंतु त्यामागचे तत्त्व सर्वत्र लागू पडणारे आहे. वाचून न दाखवलेल्या कागदावरचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. जमिनीच्या बाबतीत दीडशे वर्षांपूर्वी मान्य झालेले हे तत्त्व देहाच्या बाबतीत अद्याप व्यवहारात का उतरलेले नाही, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याचे म्हणणे

कायद्यात ते उतरलेले आहे. दिल्लीतील एका स्त्रीवर दुर्बिणीने तपासणी चालू असताना, ती भुलीखाली असतानाच, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले होते. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निर्णय दिला. रुग्ण सज्ञान आहे, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य आहे आणि जिवाला तात्काळ धोका नाही, अशा स्थितीत आईची संमती ही मुलीची संमती होऊ शकत नाही; तसेच तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती नव्हे, असे न्यायालयाने बजावले. उपचाराचे स्वरूप, त्याचे लाभ, त्याला असलेले पर्याय, त्यातील ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम एवढे तरी रुग्णाला कळले पाहिजे, हेही त्या निकालाने ठरवून दिले.

याशिवाय, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत त्याची कागदपत्रे त्याला दिली गेली पाहिजेत. खासगी रुग्णालयांना लागू असलेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद त्यांत समाविष्ट झाली. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात तर सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानली आहे. तरीही नवऱ्याची सही आणा, असे सांगण्याची रीत पुष्कळ ठिकाणी चालूच राहिली. सारांश, उणीव कायद्याची नाही.

ती कोठे आहे, याचा धागा २००८ च्या त्याच निकालात सापडतो. अमेरिकेतील न्यायालयांप्रमाणे प्रत्येक बारीकसारीक धोक्याची माहिती देण्याचे बंधन भारतीय डॉक्टरांवर घालण्यास न्यायालयाने नकार दिला. त्याची कारणमीमांसा करताना न्यायालयाने म्हटले की, या देशातील बहुसंख्य रुग्ण दरिद्री व निरक्षर किंवा अर्धसाक्षर आहेत. वैद्यकीय संज्ञा, अवयवांचे कार्य, ते काढल्याचे परिणाम त्यांना समजू शकत नाहीत. आणि डॉक्टर जे ठरवील ते ते निमूटपणे मान्य करतात. यातील दारिद्र्याचे वर्णन कोणी नाकारणार नाही. निमूटपणाचेही नाकारता येणार नाही. परंतु ‘समजू शकत नाहीत’ हे विधान मात्र तपासून पाहिले पाहिजे. कारण डॉक्टरांच्या खोलीपासून नातेवाइकांच्या बैठकीपर्यंत सर्वत्र याच समजुतीवर व्यवहार चाललेला आहे.

लातूरचा पुरावा

या समजुतीविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा खुद्द लातूर आणि नांदेड या दोन शहरांनीच उभा केला आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून नावारूपाला आलेला आणि पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून सर्व महाराष्ट्रात गाजलेला अध्यापनक्रम म्हणजे दुसरे काय आहे? मराठी माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेल्या, कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला दोन वर्षांत इंग्रजीतून जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र शिकवता येते आणि देशपातळीवरील वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत उत्तीर्ण करता येते, हे लातूरने सिद्ध केले. नांदेडनेही त्यात आपला वाटा उचलला. हृदयाचे कप्पे किती, मूत्रपिंड काय करते, हे ज्या घरातील मुलगा पाठ म्हणून दाखवतो, त्याच घरातील बापाला आपल्याच मूत्रपिंडाला काय झाले आहे, हे दहा मिनिटांत समजावता येत नाही, असे म्हणणे तर्काला धरून नाही. शिकवण्याची कला या भूमीत आहे. ती शिकवणी वर्गाच्या दारातून रुग्णालयाच्या दारापर्यंत पोचलेली नाही, एवढेच.

दुसरा पुरावा किल्लारीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाल्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेण्यात आला. ज्या गावांत घरे उभी होती पण खिळखिळी झाली होती, तेथे दुरुस्ती व बळकटीकरणाचे काम घरमालकांनीच करून घ्यावयाचे होते. भूकंपरोधक बांधणी हे तज्ज्ञांचे शास्त्र. ते खेडुतांना कसे कळावे? त्यासाठी गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले आणि ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतील स्त्रियांनी ते काम अंगावर घेतले. अभियंत्याचे म्हणणे गावाला आणि गावाचे म्हणणे अभियंत्याला सांगणारी ही व्यवस्था होती. जे घराच्या भिंतीच्या बाबतीत साधले, ते देहाच्या बाबतीत असाध्य का मानावे?

तिसरा पुरावा मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडचा. रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून तेथे खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकवून तयार केले. त्यांतील अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. गरोदरपण, बालकांचे कुपोषण, अतिसार, कुष्ठरोग यांविषयी त्या गावाला शिकवू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निरक्षरता आणि अज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या स्त्रियांनी दाखवून दिले.

भाषेचा अडसर

मग अडते कोठे? पहिला अडसर भाषेचा आहे. नांदेड हा सीमेवरचा जिल्हा आहे. देगलूर, बिलोली, धर्माबादकडचा रुग्ण तेलुगू बोलतो, किनवट-माहूरच्या तांड्यावरची स्त्री गोरमाटी बोलते, शहरातील मोठा वर्ग दखनी उर्दूत व्यवहार करतो. लातूर जिल्ह्यात उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानी पडते. या सर्वांपुढे येणारा कागद मात्र इंग्रजीत असतो. मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. हैदराबाद संस्थानात कचेरीचा कारभार उर्दूत चाले आणि मराठी भाषक शेतकऱ्याला आपल्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. मातृभाषेत शिक्षण व कारभार मिळावा, ही येथील चळवळीची एक मूलभूत मागणी होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर कचेरी बदलली, शाळा बदलली. रुग्णालयातील कागद बदलावयाचा राहिला.

भाषांतर केल्याने सारे काही साधेल असेही नव्हे. ‘पाच टक्के गुंतागुंत संभवते’ हे वाक्य मराठीत असले तरी पुष्कळांना ते परकेच. तेच ‘अशा शंभर माणसांवर ऑपरेशन केले तर पाच जणांना त्रास होतो, पंच्याण्णव जणांना होत नाही’ असे सांगितले तर कोणत्याही शेतकऱ्याला कळते. कारण बी पेरताना शंभरातले किती उगवेल, याचा हिशेब तो दरवर्षी करीतच असतो.

अज्ञानाची किंमत

दुसरा अडसर आर्थिक आहे. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर एक निबंध लिहिला आणि या क्षेत्रातील विचाराला नवी दिशा दिली. बाजारातील इतर वस्तूंप्रमाणे वैद्यकीय सेवा पारखून घेता येत नाही; कारण विकणाऱ्याजवळ जे ज्ञान आहे, ते घेणाऱ्याजवळ नाही आणि तेच ज्ञान तो विकत घ्यायला आलेला आहे, हा त्याचा मथितार्थ. मोंढ्यात कापूस घेऊन जाणाऱ्याला निदान आपला कापूस कसा आहे हे ठाऊक असते. रुग्णाला आपली गरज काय आहे, हेही डॉक्टरकडूनच कळते. जेथे सल्ला देणारा आणि मोबदला घेणारा एकच असतो, तेथे विश्वास हाच व्यवहाराचा आधार. आणि विश्वास टिकावयाचा तर माहितीची देवघेव हवी.

हृदयरोगाचे उदाहरण घ्यावे. धमनीत बसवावयाच्या स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली आणि रुग्णांची मोठी लूट थांबली. परंतु स्टेंट बसवावा की नाही, हा प्रश्न किमतीहून वेगळा आहे. हृदयविकाराचा झटका येत असेल तर चर्चेला वेळ नसतो. तेथे त्वरित उपचार हाच धर्म. मात्र ज्याला केवळ चालताना, चढताना छातीत दुखते आणि ज्याचे दुखणे स्थिर आहे, अशा रुग्णांबाबत २००७ व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांतून दिसले की, आधी औषधांनी उपचार केल्यास मृत्यूचे प्रमाण स्टेंट बसवलेल्यांहून अधिक राहत नाही. स्टेंटमुळे छातीतील दुखणे मात्र अधिक कमी होते. येथे ‘योग्य’ उत्तर एकच नाही. उसाच्या फडात राबणाऱ्याला दुखणे थांबणे महत्त्वाचे वाटेल. निवृत्त कारकुनाला औषधे घेऊन सावकाश फिरणे पुरेसे वाटेल. तिसऱ्याला मुलीच्या लग्नाआधी कर्ज नको असेल. ही निवड वैद्यकशास्त्र करू शकत नाही. ती रुग्णाची आहे, आणि ती त्याने करावी म्हणून त्याला आधी दोन्ही वाटा दाखवाव्या लागतात.

वाटा न दाखवल्याने काय घडते, ते शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांत चाळिशी न गाठलेल्या कित्येक होत्या. पाळीचा त्रास, अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन त्या गेल्या आणि पिशवी काढली नाही तर कर्करोग होईल, असे सांगितले गेल्याचे अनेकींनी नमूद केले. औषधोपचाराचा पर्याय, अंडाशय गेल्यावर हाडांवर होणारे परिणाम, हे कोणी सांगितले नाही. मुकादमाची उचल घेतलेली, एक खाडा पडला तर दंड भरावा लागणारा. अशा स्थितीत ‘कायमची कटकट गेली’ हा युक्तिवाद त्यांनाही पटला. त्यांनी संमती दिली, हे कागदोपत्री खरे आहे. सुप्याच्या कुळांनीही दिली होती.

सरकारी योजनांनी यातील पैशाची बाजू काही अंशी हलकी केली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. पुढे तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो आणि शिधापत्रिका, आधार, मंजुरी यांबाबत मार्गदर्शन करतो. तरीही राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. आणि आरोग्यमित्राचे काम मुख्यतः कागद जुळवण्याचे आहे. शस्त्रक्रिया योजनेत बसते काय, हे तो सांगतो. ती आपल्याला हवी आहे काय, याचा विचार करायला रुग्णाला कोणी मदत करत नाही.

डॉक्टरांची बाजू

येथे डॉक्टरांवर सारा दोष ढकलणे अन्यायाचे होईल. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात १ ऑक्टोबर २०२३ पर्यंतच्या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात अर्भके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली आणि मनुष्यबळ व औषधे यांच्या तुटवड्याची चर्चा राज्यभर झाली. नांदेडपुढे परभणी-हिंगोलीचे आणि सीमेपलीकडील तेलंगणातले रुग्णही येतात. बाह्यरुग्ण विभागात रांग दाराबाहेर गेलेली असताना प्रत्येकाशी दहा मिनिटे बोला, असे सांगणे सोपे आहे. शिवाय धोका स्पष्ट सांगितला तर रुग्ण घाबरून निघून जाईल, ही भीतीही अगदीच निराधार नाही. ‘साहेब, तुम्हीच देव, तुम्हाला वाटेल ते करा’ असे म्हणणारा रुग्ण डॉक्टरला निर्णयाबरोबर त्याचे ओझेही देऊन टाकतो.

तथापि, ज्याला देव मानले, त्याच्याकडून अपयश आले की त्याला दगड मारण्यास वेळ लागत नाही. रुग्णालयांवरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आधी धोका समजलेला असेल तर दुःख होते, पण फसवणूक झाल्याची भावना होत नाही. बोलण्यासाठी दिलेली दहा मिनिटे डॉक्टरचेही संरक्षण करतात. वैद्यकीय शिक्षणानेही हे आता ओळखले आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती व संवाद यांचा रीतसर समावेश झाला आहे. ज्या शहरांतून वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थी जातात, तेथील शिकवणी वर्गांत मात्र चार पर्यायांतील एकावर खूण करण्यापलीकडे कशाचीच तालीम नसते.

करता येण्याजोगे

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला, संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरांत, त्या विशिष्ट शस्त्रक्रियेचे असावे; आणि तातडीची वेळ नसेल तर ते आदल्या दिवशी घरी न्यायला मिळावे. दुसरा, सही घेण्याआधी रुग्णाने आपल्या शब्दांत सांगावे की, आपल्याला काय झाले आहे आणि उद्या काय होणार आहे. त्याला सांगता आले नाही, तर ते त्याचे अपयश नव्हे. सांगणाऱ्याने पुन्हा सांगावे. तिसरा, किल्लारीच्या धर्तीवर प्रत्येक मोठ्या रुग्णालयात संवाद सहायक असावेत. स्थानिक भाषा जाणणाऱ्या परिचारिका, समाजकार्याच्या पदवीधर, अनुभवी आशा कार्यकर्त्या हे काम डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली उत्तम करू शकतील. चौथा, स्त्रीची संमती स्त्रीकडूनच, ती एकटी असताना विचारली जावी. घरच्यांचा सल्ला तिने मागितला तर जरूर घ्यावा, पण तिच्याऐवजी नव्हे.

आपल्याकडे आजाराचा निर्णय कुटुंब घेते, एकटा माणूस घेत नाही, असा आक्षेप यावर येईल. तो खरा आहे आणि त्यात वाईटही काही नाही. कर्करोगाचे नाव बापापासून लपवणारा मुलगा प्रेमापोटीच लपवतो. पण बापाला ते जाणून घ्यायचे आहे काय, हे एकदा तरी बापाला विचारले पाहिजे. ‘मला सांगू नका, मुलाशी बोला’ असे तो म्हणाला, तर तोही त्याचा निर्णयच झाला. सहभाग म्हणजे प्रत्येकावर माहितीचा भार लादणे नव्हे. विचारल्यावाचून ठरवायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खेड्यात आजही कोणताही कागद वाचून घ्यायचा असेल तर लोक शाळेतील गुरुजींकडे, कचेरीतील ओळखीच्या कारकुनाकडे किंवा शहरात शिकणाऱ्या मुलाकडे जातात. रुग्णालयातही सोबतीला याच तिघांपैकी कोणी असतो आणि ‘इथे सही करा’ म्हणून पेन बहुधा त्याच्याच हाती दिले जाते. त्याने सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत. आजार नेमका कोणता? दुसरा उपाय आहे काय? यात धोका किती? आणि काहीच केले नाही तर काय होईल? उत्तरे मिळाली की ती खाटेवरच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगावीत, आणि पेन त्याच्या हाती द्यावे. लिहिता येत नसेल तर त्याने अंगठा उठवावा. पण तो कागद त्याला वाचून दाखवल्यानंतर.